पांढरीच्या पोटातली मडकी

आमच्या गावच्या पांढरीला आता मान आला आहे. पुण्याहून शिकलेली माणसं येतात, गुडघ्यावर बसून कुंचल्यानं माती झाडतात आणि खापराचा तुकडा निघाला की घरात पाळणा हलल्यासारखी आनंदतात. माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं तेव्हा इथं घरं होती, शेती होती, चुली होत्या, असं ते सांगतात. असतील. चुली होत्या म्हणजे बायका होत्या, आणि बायका होत्या म्हणजे त्यांची गेलेली लेकरंही होती. हे मला त्यांच्या कितीतरी आधी कळलं होतं, आणि ज्या रीतीनं कळलं त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. माझे वडील घोडेगावच्या शाळेत मास्तर होते म्हणून मला अक्षर येतं. ते आलंच आहे तर हे लिहून ठेवते.

माझं सासर शिनोलीच्या अलीकडं, घोडनदीच्या काठाला. गावाबाहेर नदीच्या वळणावर एक बसकं टेकाड आहे, त्याला आम्ही जुनी पांढरी म्हणतो. तिथली माती राखेसारखी पांढुरकी आणि हाताला मऊ. काळ्या रानात ती पसरली की बाजरी जोमानं येते, म्हणून उन्हाळा आला की गाड्या भरभरून ती शेतात जायची. खणताना खापरं निघत, हाडकं निघत, गारगोटीची धारदार पाती निघत. पुरुष ती पाती चकमकीला वापरत. एकदा मुठीत मावेल असा गुळगुळीत काळा दगड निघाला, एका अंगानं कुऱ्हाडीसारखी धार असलेला. तो म्हसोबाशेजारी नेऊन ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. हे सगळं कुणाचं, असं कुणी विचारलं नाही. पूर्वी इथं गाव असेल, बुडालं असेल, एवढ्यावर भागायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. दात न आलेलं मूल गेलं तर त्याला जाळत नसत. मडक्यात निजवून घरातले दोन पुरुष ते नदीच्या बाजूला नेत आणि पुरून येत. कुठं पुरलं ते आईला मात्र सांगत नसत. सांगितलं तर ती तिथंच जाऊन बसेल, मागचं सोडणार नाही आणि तिच्या पोटी पुढचं राहणार नाही, असं म्हणत. माझी दोन अशी गेली होती. दोन्ही वेळा मामंजी आणि आमचे हे मडकं घेऊन बाहेर पडले आणि परत आले ते नदीवर पाय धुऊन. मी ह्यांना एकट्यात कितीदा तरी विचारलं. हे खाली बघायचे. सासूबाईंची तीन गेली होती. त्यांनी विचारणं केव्हाच सोडलं आहे असं मला वाटायचं.

गावात सुईण एकच, कुंभाराची विधवा. सगळे तिला काकी म्हणत. तिचा दीर चाकावर बसायचा. मडकी थोपटायचं आणि भाजायचं काम हिचं. बाळंतपणाला हीच यायची, आणि मूल गेलं तर मडकंही हिच्याच घरून यायचं. बोलायला फटकळ होती. माझ्या दुसऱ्या वेळी मूल आडवं आलं होतं, तेव्हा मी वाचले ते तिच्या हातांमुळं. तिसऱ्यांदा दिवस गेले तसं तिनं बजावलं की आता अंदाजानं चालायचं नाही, मी अधूनमधून येऊन पोट बघीन. सातव्यात तिनं हात लावला आणि म्हणाली, मूल बसल्यासारखं आहे, डोकं वर आहे. तेल लावून हळूहळू फिरवीन, घाबरू नकोस. मी घाबरले नाही. हे मूल जगणार की नाही, ते त्या बाईच्या हातात होतं, आणि हात चांगले होते.

त्या हिवाळ्यात गावात उंदीर पडले. आधी वाण्याच्या कोठारात, मग आमच्या गोठ्यात. मग एका घरी काखेत गाठ आलेला माणूस निजला तो उठला नाही. तेव्हा एकच उपाय ठाऊक होता, गाव सोडून रानात झोपड्या टाकायच्या. मामंजी गावचे पाटील. त्यांनी ठरवलं की काळ्या रानात पिकं उभी आहेत, तर झोपड्या जुन्या पांढरीवर टाकू; उंच आहे, कोरडी आहे. उजाड झालेल्या पांढरीवर पुन्हा चूल मांडू नये असं म्हातारी माणसं म्हणायची. पण मरणापुढं शास्त्र कुणाचं चालतं.

आमच्या झोपडीची मेढ रोवायला हे स्वतः खणत होते. मी शेजारी कारवीच्या काटक्या वेगळ्या करत बसले होते. कुदळ कशाला तरी लागली आणि पोकळ आवाज आला. ह्यांनी हातानं माती सारली. दोन मोठी मडकी आडवी निजवलेली होती, तोंडाला तोंड लावून. एकाचं बूड कुदळीनं फुटलं होतं आणि आत पांढरी माती आणि हाडं होती. बोटाएवढी हाडं. कवटी करवंटीपेक्षा पातळ. शेजारी एक छोटं भांडं होतं, लाल, वर काळ्या रेघा ओढलेलं, आणि त्याला एका बाजूला नळी होती. ते मी लगेच ओळखलं. आमच्याकडं तान्ह्याला दूध पाजायला बोंडलं असतं, तसंच ते होतं.

हे दोन पावलं मागं सरले. बोलावणं न करता सगळं गाव जमलं. पुरुषांनी बाजूला आणखी खणलं तर तशीच आणखी मडकी लागली. बायका कडेला उभ्या होत्या. ज्यांची ज्यांची गेली होती त्या सगळ्यांच्या मनात एकच होतं, ते मला न विचारता समजलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. ह्यांत माझी दोन असतील का. मी त्या फुटक्या मडक्याकडं बघत राहिले आणि मला भीती वाटली नाही. सापडलं असं वाटलं.

मग पुरुषांत कुजबूज झाली. आपण तर इथं कधीच कुणाला पुरलेलं नाही, असं मामंजी म्हणाले. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. पोरं पुरली होती नदीच्या दरडीत, वर पिंपरणीच्या झाडाच्या अंगाला. मग ही इथं कशी आली? पुरलेली पोरं आपण चालत येत नाहीत. कुणीतरी उकरून आणली असणार, आणि उकरून आणतं ते करणी करायलाच. गावात गाठ आली ती उगीच नाही आली. आणि मडकी कुणाच्या घरची? पोर कुठल्या घरात कधी गेलं, हे कुणाला ठाऊक असतं? उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण ती टाळ्याला लावणारे सगळे एकदम होते.

काकी गर्दीतच होती. तिला पुढं बोलावलं. तिनं वाकून मडक्याच्या काठावर बोट फिरवलं. काठावर बोटांनी दाबून उमटवलेले ठसे होते. तिच्या मडक्यांना असे ठसे मी कधी पाहिले नव्हते, आणि तिच्याच मडक्यांतून मी रोज पाणी भरत होते.

"ह्ये माझ्या घरचं न्हाई," ती म्हणाली. "पर कुनाच्या तरी घरचं हाय. झाकून ठिवा."

एवढ्यावर कदाचित भागलंही असतं. पण तेवढ्यात माझ्या सासूबाई गर्दीतून पुढं झाल्या. त्या खड्ड्याच्या काठाला बसल्या, हात घालून त्यांनी त्यातलं एक हाड उचललं आणि पदरात घेतलं. त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

"माझी लेकरं उकरून आनली हिनं," त्या म्हणाल्या. "माझी तिनी बी."

विचारणं सोडलं म्हणजे मनातून गेलं असं नसतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्यांना पोरांची जागा हवी होती, आणि आता ती मिळाली होती. ही तुमची नव्हेत, असं त्यांना सांगायची कुणाची छाती होती? त्यांच्या त्या शब्दांनी काकीचं काम संपलं. तिचा दीर शेजारी उभा होता, तो गर्दीत मिसळला.

मी गप्प बसले नव्हते. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायची सोय नव्हती, म्हणून मी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, करणी करणारी दुधाचं बोंडलं कशाला ठेवील? हे आईचं काम आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग मी ह्यांना बाजूला घेतलं. तुम्हाला जागा ठाऊक आहे ना, मग दरडीला जाऊन बघा, आपली मडकी तिथं आहेत की नाहीत. आहेत तर बाई सुटली. एवढं साधं होतं. ह्यांनी जाऊन वडिलांना विचारलंही. मामंजींनी एका वाक्यात निकाल दिला.

"पुरलेलं पुन्ना उकरत नसत्यात."

उकरलेल्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी हे सांगितलं. मी आज म्हातारी झाले तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं.

काकीला मारलं नाही, एवढी मेहरबानी. दिवस मावळायच्या आत हद्द सोडायला सांगितलं. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. आमच्या गावानं गरज सरायचीही वाट पाहिली नाही. तिनं एक गोधडी आणि एक तवा घेतला. तिनं माझ्यापाशी यायचं नाही असा हुकूम होता, म्हणून ती वाटेवर थांबली आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात माझ्याशी बोलली.

"पोरी, मूल फिरलं न्हाई तर कुनाला वढू दिऊ नगं. त्येचं त्ये येऊ दे."

मग ती जुन्नरच्या वाटेला लागली. त्या दिवसांत कुठलंही गाव परक्याला शिवेच्या आत घेत नव्हतं, सगळीकडं काटेरी फांद्या टाकून वाटा बंद केल्या होत्या. हे तिलाही ठाऊक होतं आणि तिला घालवणाऱ्यांनाही.

मडकी बुजवून त्यांच्यावर नारळ फोडला आणि झोपड्या तिथंच राहिल्या. करणी काढली म्हणून गाठ थांबली का? नाही. साप समजून भुई धोपटली, तर साप कशाला मरतो. आणखी माणसं गेली. भीमाशंकराला नवस बोलले गेले, पण शिवरात्रीला तिकडं जाणारी वाटही त्या साली ओस पडली होती.

मी रोज पोटावर हात ठेवून बघायची. डोकं वरच होतं. मी आपलं आपण तेल लावलं, फिरवायचा प्रयत्न केला, पण दुखायचं आणि मी हात काढून घ्यायची. ह्यांना शिनोलीला पाठवलं, तिथं एक सुईण होती. तिथल्या माणसांनी ह्यांना शिवेवरूनच परत फिरवलं. त्यांचं काही चुकलं नाही, आम्ही गाठीच्या गावचे होतो.

पहाटे कळा सुरू झाल्या आणि ऊन वर आलं तेव्हा पाय दिसले. झोपडीत सासूबाई होत्या आणि भावकीतली एक म्हातारी. मी ओरडून सांगितलं, ओढू नका. काकीचे शब्द मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. पण अर्धं मूल बाहेर आलेलं, ते पाय निळे पडत चाललेले. त्या दोघी घाबरल्या आणि त्यांनी ओढलं. डोकं अडकलं. मुलगी होती. बाहेर आली तेव्हा ती माझ्याकडं बघत होती असं मला वाटलं, पण ती बघत नव्हती.

थोड्या वेळानं मामंजी बाहेर येऊन उभे राहिले आणि ह्यांना हाक मारली. मूल मडक्यात घालून द्या म्हणाले. मी म्हटलं, देणार नाही. आवाज चढवून म्हटलं, त्यांना ऐकू जाईल असा. लाज आणि रीत दोन्ही तोवर संपली होती. मुलगी मी मांडीवर धरून ठेवली होती. झोपडीत काकीच्या घरची दोन मडकी होती, एक पाण्याचं आणि एक धान्याचं. मी ह्यांना म्हटलं, इथंच खणा, मी निजते त्या जागेशेजारी. कधी नव्हे ते हे माझ्याकडं सरळ बघत होते. त्यांनी कुदळ आणली आणि झोपडीच्या भुईतच खणायला लागले. बाहेरून मामंजी काही बोलले. हे खणत राहिले.

मी पाणी ओतून टाकलं, धान्य पदरात काढलं. मुलीला माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि दोन्ही मडक्यांची तोंडं एकमेकांना लावली, पाहिलं होतं तशी. तिच्यासाठी आणलेलं बोंडलं होतं. त्यात माझं दूध पिळून शेजारी ठेवलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जिनं शिकवलं ती त्याच मातीत कुठंतरी होती आणि तिचं नाव काय, बोली काय, देव कोणता, हे मला ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या जवळची अशी तीच एक होती.

माती लोटताना सासूबाई पुढं आल्या. मला वाटलं अडवतील. त्यांनी माझ्या शेजारी बसून हातानं माती सारखी केली आणि वर शेण फिरवलं.

"जागा ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "मला न्हाई ठेवता आली."

पुढच्या पावसाळ्यात घोडनदीला मोठा पूर आला. आम्ही तोवर गावात परतलो होतो. पाणी ओसरल्यावर दिसलं की पिंपरणीच्या अंगाची दरड कापली गेली आहे, आणि कापलेल्या मातीत मडकी दिसतायत. काकीच्या घरची, आमची, एकही न हललेली. गाव दरडीवर उभं राहिलं, बघितलं आणि आपापल्या घरी गेलं.  मामंजी तर त्या बाजूला फिरकलेच नाहीत. सासूबाई मात्र खूप वेळ तिथं बसल्या होत्या. संध्याकाळी मी त्यांना शोधत गेले तर त्या काकीच्या घरापुढं होत्या. तिचा दीर तोवर गाठीनं गेला होता, घर बंद होतं. त्या बंद घराचं अंगण त्या झाडत होत्या. पुढं जगल्या तोवर त्यांनी ते झाडणं सोडलं नाही.

काकीचं कळलं ते दिवाळीच्या आधी. जुन्नरचा एक मुसलमान बांगड्यावाला आमच्याकडं यायचा. त्यानं सांगितलं की ती लेण्यांच्या डोंगराखाली झाडाखाली बसलेली त्याच्या वडिलांना दिसली. शहराची माणसं गाठीला भिऊन तिथंच राहुट्या टाकून होती. त्याची भावजय अडली होती आणि कुणी सुईण येत नव्हती. ही आपण होऊन आली. मूल उलटं होतं. हिनं ओढलं नाही, वाट बघितली, आणि मुलगा झाला. नंतर त्यांनी तिला ठेवून घेतलं, पण शिमग्याच्या आधी तिलाच गाठ आली. त्यांनी तिच्या रीतीनं अग्नी द्यायला माणसं शोधली, मिळाली नाहीत, तेव्हा स्वतःच लाकडं रचून दिली. हे सांगताना तो माझ्या हातात बांगड्या भरत होता. मुलगा कसा आहे, मी विचारलं. रांगतो, तो म्हणाला. मी बांगड्या भरून घेतल्या आणि घरात जाऊन रडले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मला पुढं मूल झालं नाही.

झोपड्या मोडल्या तरी माझी जागा मी विसरले नाही. टेकाडावर एक बाभूळ होती, तिथून नदीकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला. उन्हाळ्यात पांढरी माती न्यायला गाड्या आल्या की मी शिदोरी घेऊन तिथं जायची आणि बसून राहायची. गाडीवाले वळसा घालून खणत. पाटलाच्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आधी म्हणत; मग तेही म्हणेनासे झाले. अशी ती जागा राहिली. आजूबाजूची माती शेतात जाऊन तिथं आता उंचवटा झाला आहे.

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या माणसांनी खुंट्या ठोकून दोरी बांधली, ती नेमकी त्या उंचवट्यावरून. मी काठी टेकत गेले आणि इथं खणू नका म्हटलं. त्यांच्यातला मुख्य मनुष्य भला होता. त्यानं मला बसायला पेटी दिली आणि इथं काय आहे ते विचारलं. म्हटलं, दोन मडकी आहेत, तोंडाला तोंड लावलेली, शेजारी बोंडलं. तो हसला. आजी, तेच तर आम्ही शोधतोय, म्हणाला.

"तुम्ही शोधताय ती शेजारी आहेत," मी म्हटलं. "ही जुनी नाहीत. ही माझी लेक आहे."

त्याचं हसू गेलं.  त्यानं वाकून स्वतःच्या हातानं खुंटी उपटली आणि दोरी पलीकडं नेऊन बांधली.